फळीमागचं उत्तर

लोखंडी कांब हातात घेऊन ती एकेक टायर ठोकत चालली होती. हवा भरलेला टायर खणखणीत बोलतो, मऊ पडलेला नुसता धप् करतो. नऊ वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला हे कळायला शिकवणी लागत नाही. पण लांब पल्ल्याच्या ट्रकचा परवाना हवा तर कागदावर गाडी शिकवणाऱ्या उस्तादाची सही हवी, आणि उस्तादानं ती दोनदा नाकारली होती. पहिल्यांदा उतारावर ब्रेक फार दाबते म्हणून. दुसऱ्यांदा तोंड फार चालतं म्हणून. तिसऱ्यांदा नाकारली की कंपनीचा दरवाजा बंद. मग भावाकडे, वहिनीच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या त्या खोलीत, जिथे ती आणि तिची लेक एका खाटेवर आडव्यातिडव्या झोपायच्या. आणि शाळेच्या बसवर एव्हाना दुसराच ड्रायव्हर बसला होता.

सगळे तिला बसबाई म्हणत. नाव उस्तादानंच पाडलेलं.

आजचा शेवटचा टप्पा पाच तासांचा. दुपारच्या थांब्यापासून यार्डापर्यंत. उस्तादानं अट घातली होती, की मी मागे झोपणार, तू एकटीनं गाडी न्यायची. माझी झोप न मोडता यार्डात लावलीस तर सही. हे सांगितलं तेही चहाच्या टपरीवर, दहा ड्रायव्हरांच्या देखत, आणि वर म्हणाला, "बघ हं, प्रत्येक झाडाखाली थांबून पोरं उतरवायची नाहीत." दहाही जण हसले. ती हसली नाही. भूक माणसाला एकवेळ सोडते, अपमान सोडत नाही; तो जेवायलाही आपल्यासोबत बसतो आणि झोपायलाही.

सोळावा टायर ठोकून ती केबिनमध्ये चढली. सीटच्या मागे लाकडी फळी, फळीमागे झोपायची अरुंद बर्थ, तिला सरकतं दार. दार लावलेलं होतं. उस्तादाचा फोन पुढे चार्जिंगला होता. म्हणजे स्वारी आडवी झाली.

उस्तादाचा एक जुना दंडक होता. दार उघडून झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड आणायचा नाही. गाडी हलवण्याआधी फळीवर दोन ठोके द्यायचे. आतल्यानं दोन ठोक्यांनी उत्तर दिलं की निघायचं. आणि झोपणाऱ्यानं आपणहून एकच ठोका दिला, तर तो उठला, गाडी बाजूला घ्यायची, आता चाकावर बसायची पाळी त्याची. तिला हा सगळा पोरखेळ वाटे. सरळ दार उघडून बघावं की नाही? पण सही त्याची, तेव्हा दंडकही त्याचा.

तिनं बोटांच्या पेरांनी ठोकलं. टक टक.

थोड्या वेळानं आतून उत्तर आलं. टक. टक. सावकाश, फळीच्या अगदी खालच्या बाजूनं.

पाय फळीकडे करून झोपलाय वाटतं, लाथेनं उत्तर देतोय, असं मनात येऊन तिचं डोकं आणखी फिरलं. तिनं गाडी काढली.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं, ऊन पांढरं. राग असला की हात पक्का होतो हे तिला त्या दिवशी कळलं. गिअर लोण्यासारखे पडत होते. ती मनातल्या मनात उस्तादाला जे जे बोलत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाऊण तासानं त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर. दुसऱ्याचा फोन, तिनं उचलला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आत त्याची झोप मोडेल या धास्तीनं तिनं बोट लावून स्पीकरवर घेतला.

"कुठं घेऊन गेलीस माझी गाडी?"

आवाज उस्तादाचा होता.

तो अंघोळीला गेला होता. तिथल्या मोरीत रांग होती. बाहेर येतो तर गाडी नाही. कपडे, फोन, चप्पल, सगळं गाडीत. नुसत्या टॉवेलवर उभा राहून केव्हाचा लोकांचे फोन मागतोय, तर एक जण देईना. हे सगळं तो एका दमात ओरडून बोलला. एरवी तिला हसू फुटलं असतं. पण तिला दिसत होता तो फक्त कागद, आणि त्यावरची सहीची रिकामी जागा.

"मी ठोकलं होतं," ती म्हणाली. "तुमचाच दंडक. दोन दिले, दोन आले. आता मला नापास करायचं असेल तर सरळ करा, नाटकं कशाला?"

थांब्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"उत्तर वरून आलं का खालून?" त्यानं विचारलं.

"खालून."

मग तो बोलला तेव्हा आवाजातला उस्ताद निघून गेला होता, नुसता म्हातारा माणूस उरला होता. "दार उघडू नकोस. एक ठोका आला तर थांबू नकोस. मी मिळेल त्या गाडीनं येतो."

"आणि सही?"

"यार्डापर्यंत चाकावर तूच राहा, बाई. तूच. मग पाहिजे तितक्या सह्या देतो."

फोन बंद झाला. पहिल्यांदाच त्यानं तिला बसबाई म्हटलं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. हा माणूस आता भुतंखेतं दाखवून तिला घाबरवणार, ती गाडी थांबवणार, आणि हा म्हणणार, पाहा, एकटीला झेपत नाही. थांब्यावर कुणी चोरटा आत शिरून निजला असेल, दुसरं काय. यार्डात गेल्यावर त्याचीही पूजा बांधू.

तिनं आरसा बघितला. आरशात रस्ता होता.

फळीमागे काहीतरी कूस बदलल्यासारखं झालं. बर्थच्या पट्ट्या करकरल्या.

मग एक ठोका आला.

टक.

खालून नव्हे. तिच्या डोक्यामागे, मानेच्या उंचीवर.

तिनं चाक आणखी घट्ट धरलं, पण तोंड तिचंच होतं. "झोप गुपचूप," ती पुढे बघत ओरडली. "माझी पाळी संपली नाही. नऊ वर्षं राबलेय मी, कुणाच्या बापाला चाक देणार नाही."

उत्तर आलं नाही.

त्यानंतरचा रस्ता तिला सोपा गेला. इतका सोपा, की नदीवरचा लांब पूल कधी मागे पडला ते तिला कळलं नाही. ओळखीच्या रस्त्यावर असं होतंच. राग कुठंतरी उतरला होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा अंग हलकं लागत होतं, लहानपणी आईनं थोपटल्यावर लागायचं तसं.

मावळतीला यार्डाचं फाटक आलं. गाडी लावताना तिचा पाय ब्रेकपर्यंत पुरेना. सीट मागे सरकली होती, चांगली वीतभर. शिवी हासडून तिनं ती पुढे ओढली आणि दोन रेषांच्या मधोमध गाडी उभी केली. सुतासारखी सरळ. फळीकडे न बघता खाली उतरली.

अर्ध्या तासात उस्ताद एका पाण्याच्या टँकरमधून उतरला. अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा, पाय अनवाणी.

"वाटेत थांबलीस?"

"नाही."

"सगळा वेळ चाकावर तूच होतीस?"

"मग काय माझी आजी होती?"

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. फार वेळ. मग केबिनमध्ये चढला आणि दार सरकवलं. ती त्याच्या मागून डोकावली, कांब उगारूनच. आत कुणी नव्हतं. सुरकुतलेली चादर, आणि जाड चौकटीच्या विणीची एक उशी, मधोमध दबलेली.

त्यानं दार लावलं. कागद मांडीवर घेतला आणि सही केली. कागद तिच्या हातात दिला, चप्पल घेतली, ती न घालताच फाटकाकडे चालू लागला. तिनं मागून विचारलं, की उद्या गाडी कोण नेणार. त्यानं चाल वाढवली.

पळाला, तिला वाटलं. दोन वर्षं छळलं आणि सही करून पळाला. तिनं कागद दोनदा वाचला, घडी घालून आत खोवला. लेकीला फोन करायच्या आधी जरा माणसात यावं म्हणून गाडीच्या बाजूच्या आरशात बघत ती केस सारखे करू लागली.

डाव्या गालावर, कानापासून ओठापर्यंत, जाड विणीच्या लाल चौकटी उमटल्या होत्या. तिनं बोटानं चोळून बघितल्या. तासाभराच्या गाढ झोपेशिवाय उमटत नाहीत, इतक्या त्या खोल होत्या.