साच्यातल्या चाळीस ओळी

शैलजाताई ढोबळे यांनी दिवाळीची साफसफाई माळ्यापासून सुरू केली आणि ब्लॉगवर आणून संपवली. एकदा फडकं हाती घेतलं की त्यांना आवरणं कुणाच्या बापाला जमत नसे. संगमनेरच्या झाडांवर त्या रोज चार ओळी लिहीत. ब्लॉगची सारी मांडणी ज्यात असते त्या साच्यात त्यांना चाळीस अनोळखी ओळी दिसल्या. त्या ओळींचं पडद्यावर तर काहीच उमटत नव्हतं. जे दिसत नाही ते हवंय कशाला, असं म्हणत ताईंनी त्या उडवल्या. साच्याचा राखणदार, म्हणजे त्यातली पहारा देणारी प्रणाली, दोनदा अडवायला आला. ताईंनी दोनदा न वाचताच 'होय' दाबलं.

कराडचे अण्णा, त्यांचे थोरले भाऊ, रोज ब्लॉगवरचं टिपण वाचून एखादा टोमणा पाठवत. अण्णांचे डोळे जाऊन तीन वर्षं झाली होती. बोटातली स्पर्शमुद्रिका मजकुराचे ठिपके पेरावर उमटवायची, तेवढंच त्यांचं वाचन. दोन दिवस टोमणा आला नाही. तिसऱ्या सकाळी ताईंनी फोन लावला.

"अण्णा, रुसलास का रे?"

"रुसायला काय झालंय. पान कोरं लागतंय, शैले. साखरेनं डोळे नेले, आता बोटंही बधिर झाली वाटतं. दुसरं काही वाचून बघायचा धीरच होत नाही."

ताईंना उडवलेल्या ओळी आठवल्या. "फोन ठेवू नकोस," म्हणत त्यांनी साचा उघडला. राखणदाराने त्या ओळी फेकल्या नव्हत्या, पंधरा दिवसांसाठी बाजूला जपल्या होत्या. वर इशारा होता: 'स्पर्शवाचकांसाठी आवश्यक.' हाच इशारा तेव्हाही समोर होता. ताईंनी ओळी जागच्या जागी बसवल्या.

"आता बोट ठेव."

"'बुचाला... यंदा लवकर बहर आलाय,'" अण्णा अडखळत वाचू लागले. "लवकर कसला? दर दिवाळीला असतोच की."

टोमणा ऐकून ताईंना हसू आलं आणि रडूही. इतकं हायसं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

राखणदाराने विचारलं, या ओळींना कुलूप लावू का? किल्ली मात्र दुसऱ्या कुणाकडे राहील.

"अण्णांच्या बोटाला दे," ताई म्हणाल्या.

"म्हणजे यापुढे तुझी झाडलोट माझ्या परवानगीनं," अण्णा खूश होऊन म्हणाले.

कुलूप लागलं आणि खाली बारीक अक्षरांत नोंद उमटली: 'या ओळींमधून वाचणारे: तीन.'

अण्णा एक. उरलेले दोघे कोण असतील, आणि गेले दोन दिवस तेही कुणाला न सांगता आपली बोटं चोळत बसले असतील का?