मार खाणारा माणूस

पूर्वताण मोजायचं यंत्र सोलापुरात आलं आणि हाणामारी मंडळातली मजाच गेली.

मंडळ म्हणजे काय, तर चंद्रकांत बिराजदारांचा जुना व्हिडिओ पार्लर. नव्वदच्या दशकात ज्या पोरांनी तिथल्या बाकड्यांवर बसून कराटेचे सिनेमे पाहिले, ती पोरं आता साठी ओलांडून गुडघे धरत यायची आणि दर रविवारी दुपारी त्याच फायटी पुन्हा बघायची. गोष्टीशी कुणाला देणंघेणं नव्हतं. गाणी पुढे ढकलायची, आईचं रडणं पुढे ढकलायचं, आणि फाईट आली की सगळे सावरून बसायचे. मग भांडणं सुरू. लाथ खरी बसली की नुसता आवाज? हिरो स्वतः फिरला की डुप्लिकेट? पाठमोरा आहे म्हणजे डुप्लिकेटच, काय राव, एवढं पण कळत नाही तुम्हाला? सिनेमांची नावं कुणी घेत नसे. बर्फाच्या कारखान्यातली फाईट, पुलाखालची फाईट, गोदामाची फाईट, अशी जागेवरूनच ओळख. बर्फाच्या कारखान्यावरून तर दोन सख्ख्या मित्रांनी वर्षभर अबोला धरला होता.

आता वाद झाला की बिराजदार ती फाईट यंत्राला लावत. यंत्र सांगून टाकी, हा ठोसा थांबवायच्या बेतानंच निघाला होता. संपला वाद. भांडायला काही उरलंच नाही.

बाहेरच्या जगाचं याहून वाईट झालं होतं. लोक घरातल्या लग्नाच्या जुन्या चित्रफिती काढून बघत होते, हार घालताना नवरीचं अंग पुढे होतं की मागे. त्यात बरे चाललेले संसार मोडले. नको तिथे नाक खुपसायची एवढी हौस कशी असते माणसाला, कोण जाणे. पण यंत्र खोटं बोलत नव्हतं, आणि हीच पंचाईत होती.

त्या रविवारी मंडळात अंबिका आली. नवी पेठेत तिचं चष्म्याचं दुकान होतं. फायटी तिला बघवत नसत, आणि त्याचं कारण तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. गोदामाच्या फायटीत माळ्यावरून खाली पडून मेला तो फायटर, नागनाथ कोळेकर, तिचा बाप होता. तेव्हा ती तीन वर्षांची होती.

त्या सीनमध्ये हिरोचा डुप्लिकेट होता दस्तगीर मुजावर. नागनाथ आणि दस्तगीर दोघे सोलापूरचे, एकाच क्लासमध्ये कराटे शिकलेले, एकाच खोलीत राहून मुंबईत फाईट मास्तरांच्या हाताखाली काम करणारे. दस्तगीरची लाथ नागनाथच्या कानाच्या अलीकडे थांबायची, नागनाथनं मान झटकून खालच्या गादीवर पडायचं, असं ठरलं होतं. लाथ कानाखाली बसली आणि नागनाथ गादी सोडून फरशीवर पडला. निर्मात्यानं तोच टेक सिनेमात ठेवला. इतका खरा टेक परत कुठे मिळणार? आणि मंडळींनीही तारुण्यात त्याच जागी शिट्ट्या मारल्या होत्या.

दोघांत आधी कशावरून तरी बिनसलं होतं, अशी तेव्हा कुजबुज झाली. अंबिकेच्या आईनं ती धरून ठेवली. दस्तगीरनं लग्न केलं नाही. अंबिकेची शाळा, कॉलेज, दुकानाची खटपट, सगळं त्यानं बघितलं, पण आईनं त्याला कधी पाणी विचारलं नाही. "बाप खाल्ला, आता बाप व्हायला आलाय," असं ती शेवटपर्यंत म्हणत होती.

आता दस्तगीर थकला होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून एकटं राहणं त्याला जमत नव्हतं. अंबिकेला त्याला घरी आणायचं होतं, आणि तिचा नवरा राजशेखर अडून बसला होता. "तुझ्या बापाला मारणाऱ्याला मी माझ्या घरात घेणार नाही," असं त्यानं एकदाच सांगितलं आणि विषय बंद केला.

दस्तगीरच्या शब्दाखातर मंडळानं ती फाईट यंत्राला कधी लावली नव्हती. अंबिकेनं त्याला विचारलं तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "बघू नकोस, अंबू." खरंच मुद्दाम मारलं असेल तर? तरीही ती आली. मुद्दाम मारलं असेल तर माफ करायचं, असंही तिनं मनात ठरवून टाकलं होतं. नुसतं माहीत हवं होतं.

यंत्राच्या शेजारी डॉ. मीनल होनराव बसल्या होत्या. लकवा झालेला रोगी कधी तोल जाऊन पडेल हे आधी कळावं म्हणून त्यांनी पूर्वताणावर काम केलं होतं. भावाबरोबर चोरून फायटी बघत वाढलेली बाई, त्यामुळे रविवारी त्याही इथेच असायच्या.

"मला हे नीट समजावून सांगा, डॉक्टर," अंबिका म्हणाली. "जुन्या सिनेमातून माणसाच्या मनातलं कसं काय कळतं?"

"मनातलं नाही, अंगातलं. उभ्या उभ्या समोरचा कप घ्यायला हात पुढे करा बघू."

अंबिकेनं हात पुढे केला.

"हात हलायच्या आधी तुमची पोटरी आवळली. हात पुढे गेला की तोल पुढे जाणार, हे शरीराला ठाऊक असतं, म्हणून ते आधीच तयारी करून ठेवतं. त्याला आम्ही पूर्वताण म्हणतो. तुम्हाला स्वतःला तो कळतही नाही, पण कपडा हलतो, खांदा केसभर सरकतो. ते सगळं फिल्मवर उमटलेलं असतं. यंत्र फक्त गोळा करतं."

"आणि लाथ?"

"लाथ थांबवायची असेल तर थांबवणारे स्नायू ती निघायच्या आधी जागे होतात. खरी मारायची असेल तर ते झोपलेले राहतात. याचं नाटक करता येत नाही, कारण आपण ते ठरवतच नाही."

बिराजदारांनी फाईट लावली. पडद्यावर एक पाठमोरा जवान, म्हणजे तेव्हाचा दस्तगीर, गर्रकन फिरला. अंबिकेनं मान खाली घातली होती. त्या जवानाच्या मांडीवर, कमरेवर निळा रंग पसरत गेला. निळा म्हणजे थांबवणं.

"निळा," डॉक्टर म्हणाल्या. "पाय उचलायच्या आधीपासून निळा. ही लाथ थांबायलाच निघाली होती, अंबिका. मारणाऱ्याचा काही दोष नाही."

अंबिका रडली. भरल्या हॉलमध्ये, पदर तोंडाला लावून, मोकळी रडली. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता रिक्षा करावी आणि दस्तगीरचाचांना उचलून घरी न्यावं. मागच्या बाकावरच्या दोघातिघांनीही डोळे पुसले.

मग बिराजदारांनी विचारलं, "पण मग लागली कशी ओ?"

वाईट हेतूनं नव्हे, सवयीनंच विचारलं. इतकी वर्षं हे लोक फायटी बघत होते, यंत्र आल्यापासून शेकडो फायटी त्यांनी तपासल्या होत्या, आणि दर वेळी यंत्र लावलं ते मारणाऱ्याला. मार खाणाऱ्याकडे बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याचं काम पडायचं.

"आता बास झालं," डॉक्टर म्हणाल्या. "जे पाहिजे होतं ते मिळालं."

"लावा की," अंबिका म्हणाली. "आता कसली भीती? चाचांवर कसलीच शंका राहायला नको."

डॉक्टरांनी आधी नागनाथची दुसरी फाईट लावली, बर्फाच्या कारखान्यातली. तिथे लाथ येण्याआधीच त्याचं सगळं अंग मागे निघालेलं दिसत होतं, मान वळायच्या तयारीत, पापण्या मिटायच्या बेतात. डॉक्टरांनी तुलनेसाठी ते मोजून घेतलं आणि गोदामाची फाईट लावली. या वेळी अंबिका बघत होती. त्या दोन क्षणांत तिचा बाप तिच्या मुलाच्या वयाचा दिसत होता.

अंग मागे निघालं नव्हतं. ते पुढे निघालं होतं.

"पाय घसरला असेल," बिराजदार घाईनं म्हणाले.

"घसरलेलं शरीर सावरायला बघतं. हात बाहेर जातात, पाठ ताठते. इथे त्यातलं काही नाही." डॉक्टर म्हणाल्या. "पापण्याही मिटायच्या बेतात नाहीत. त्यांना लाथ येताना दिसत होती."

"म्हणजे?" अंबिकेनं विचारलं.

डॉक्टरांना ते बोलायचं नव्हतं. पण अंबिका त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ते पुढे गेले. लाथेत."

"का?"

"ते यंत्राला कळत नाही. शरीर काय करणार होतं एवढंच कळतं."

मग मागच्या बाकावरून एक जण हळूच म्हणाला, "परत एकदा लावा की. चेहरा नीट दिसला नाही." आणि बिराजदारांचा हात, त्यांच्याही नकळत, बटणाकडे गेला. अंबिका उठून बाहेर पडली.

दस्तगीरच्या खोलीचं दार नुसतंच लोटलेलं होतं. कॉटवर बॅग भरून ठेवलेली होती, औषधांची पिशवी वर. आपल्या लाथेचा निकाल काय लागणार हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यामुळे अंबू न्यायला येईल अशी आशा त्यानं केली होती. तिचा चेहरा बघून ती आशा गेली.

"दोघांनाही लावलं?" त्यानं विचारलं.

"हो. तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या डोळ्यांत बघत आला गं तो. पाय आवरला होता मी, पण तो आत आला. पोलिसांना सांगितलं, अंदाज चुकला माझा. तुझ्या आईलाही तेच सांगितलं."

"आईनं जन्मभर तुम्हाला शिव्या दिल्या. का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? पदरात तीन वर्षांची पोर असताना तुझा नवरा स्वतःहून गेला? माझ्यावर राग काढून ती उभी तरी राहिली." तो म्हणाला. "का गेला ते मलाही माहीत नाही, अंबू. एका ताटात जेवायचो. सकाळी चहा घेतला, तुझ्यासाठी फ्रॉक बघायला जाऊ म्हणाला. मला काही दिसलं नाही."

अंबिका दारातच उभी होती. तिला बापाचा राग यायला हवा होता, पण फोटोतल्या माणसाचा राग कसा करायचा? ती दस्तगीरकडे बघत होती आणि तिला दिसत होतं, लाथेच्या पलीकडून बापानं शेवटचं पाहिलं ते हे तोंड. आता हे तोंड रोज सकाळी चहाला समोर असणार. मुलं विचारणार, आजोबा कसे गेले? चाचांना निर्दोष म्हणायचं तर बापाचं सांगावं लागणार होतं.

"तुम्ही मारलं असतंत ना, चाचा," ती म्हणाली, "तर मी माफ केलं असतं. मी ठरवून आले होते."

"म्हणून तर बघू नको म्हणालो."

बाहेर कुणीतरी हापशावर बादली भरत होतं.

"राजशेखरला समजावते," शेवटी अंबिका म्हणाली. "पुढच्या रविवारी येते न्यायला. तयार राहा."

आयुष्यभर समोरच्या माणसाचं अंग बघून पोट भरलेला फायटर होता तो. त्याला यंत्र लागत नव्हतं.

"ये," दस्तगीर म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं, कॉटवर बसून बॅगेची चेन उघडली आणि एकेक कपडा काढून परत खुंटीला लावायला घेतला.