छपरावरून मारलेल्या तीन हाका

हे खरं घडलंय. त्या घरातल्या म्हाताऱ्या दासीने, पेईने, माझ्या आईला स्वतः सांगितलं. पटलं नाही तर सोडून द्या.

चीनमधलं जिआनकांग शहर. अकराव्या महिन्याची सातवी तिथी. भर दुपार.

दरबारातले इतिहासलेखक वेई शूयान यांची बायको रुओलान तापाने गेली.

शूयान भुताखेतांचे किस्से टिपून ठेवायचे. साक्षीदार असल्याशिवाय एक ओळ लिहायचे नाहीत. पण तिचा श्वास थांबला आणि त्यांचं डोकंच बधिर झालं. रडूही येईना.

रीत त्यांना पाठ होती. गेलेल्या माणसाचा अंगरखा घेऊन छपरावर चढायचं. उत्तरेकडे तोंड करून तीनदा हाक मारायची. जीव त्या कपड्यात परत येतो म्हणतात. पेटीत हाताला लागला तो निळा अंगरखा उचलून ते वर गेले.

"रुओलान, परत ये."

तीनदा.

खाली येऊन त्यांनी अंगरखा तिच्यावर पांघरला...

तिने श्वास घेतला.

पेई ढसाढसा रडली. शूयान यांना आनंद व्हायला हवा होता, पण आत काही हललंच नाही.

ती उठली. पेज मागितली. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आ-नू, हात धुतलेस का?"

आ-नू हे त्यांचं तान्हेपणीचं नाव. त्या नावाने फक्त आई हाक मारायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

पेई अंगरख्याकडे बघत राहिली. "मालक, हा धाकट्या बाईसाहेबांचा नाही. थोरल्या बाईसाहेबांचा आहे, तुमच्या आईचा."

आणि छपरावर...

एक कौल वाजलं. मग दुसरं.

वर कुणीतरी हळूहळू चालत होतं. उतरायला जागा शोधत असावं.

शूयान उठले. बायकोचा अंगरखा घेऊन पुन्हा वर गेलं, तर ती या देहात परत येईल. पण मग आई मरेल. दुसऱ्यांदा, आणि पोटच्या मुलाच्या हातून. ते पेटीपाशी जाऊन थांबले.

"बस रे," ती म्हणाली. ओठ रुओलानचेच. "वर कुणी नाही. पेज गार होतेय."

ते बसले. जेवले. वाटीही चाटूनपुसून रिकामी केली.

पावलं तीन दिवस वाजत होती. दिवसेंदिवस हळू.

चौथ्या दिवशी शूयान यांनी पेईला विचारलं, "आज वर आवाज का नाही गं?"

पेईने पेटीतला धाकट्या बाईसाहेबांचा अंगरखा तळाशी सारला आणि झाकण लावलं.