नासवलेलं जठर

कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या दिवसांत डॉक्टर गोवर्धन अमरावतीच्या दवाखान्यात पोटातल्या गाठींचा अभ्यास करत होते. एका सकाळी ते मोरोपंतांकडे आले. मुंबईला तज्ज्ञांकडे पाठवायचं एक जठर कुणीतरी नासवलं होतं. बरणीतलं स्पिरिट काढून साधं पाणी भरलं होतं.

"शव उघडलं तेव्हा गाठ खडकासारखी टणक होती. स्पिरिटमध्ये आणखीच आवळली," गोवर्धन म्हणाले. "आज हातात लगदा आला. खोलीला कुलूप लावून थेट तुमच्याकडे आलो. कुणाला बोललो नाही."

नांदगावच्या एका शेतकऱ्याचं ते जठर. त्याची विधवा गोदाबाई हिनं सगळ्या भाऊबंदांचा रोष पत्करून शव उघडू दिलं होतं.

मोरोपंत वकिली सोडून असली कोडी सोडवत. बरोबर मित्र वामनराव असायचे. दवाखान्याचा नोकर पंजाबराव पिणारा, हे कळताच वामनरावांनी चोर ठरवून टाकला.

"पेतो मी," पंजाबराव म्हणाला. "पन मेलेल्या मानसाच्या पोटावरचं नाई पेत."

मोरोपंतांनी बरणीच्या खोलीच्या खिडकीबाहेर पाहिलं. खालच्या हिरव्या गवतात एक पट्टा करपला होता.

मग वामनरावांचा संशय गोदाबाईवर गेला. पस्तावली असेल बिचारी. पण तिनं शांतपणे सांगितलं, की नवऱ्याचं काही परत हवं असतं तर घेऊनच गेली असती.

शेवटी दुसरे डॉक्टर, खुशालराव. गोवर्धनांबरोबरच मुंबईत शिकलेले. शव उघडलं तेव्हा ते अकोल्याला पटकीच्या साथीवर होते. बरणीला आपण कधी हातही लावला नाही, असं ते म्हणाले. "गोवर्धनचं उगाच कौतुक चाललंय. कर्करोगाची गाठ का अशी असते? बोट रुतेल इतकी मऊ."

संध्याकाळी मोरोपंतांनी सगळ्यांना बसवलं. "पिणारा स्पिरिट गवतावर ओतत नाही. बायकोनं जठर नेलं असतं, नासवलं नसतं. आणि खुशालराव, ती गाठ मऊ झाली ती पाणी भरल्यावर. बरणीला हात न लावता तुम्हांला कसं कळलं?"

खुशालराव म्हणाले, "परीक्षेत मी त्याच्या पुढे होतो. इथं रोगी माझ्यासमोरून उठून त्याच्या दाराशी जातात. मुंबईतही त्याचंच नाव झालेलं मला बघवलं नसतं."

वामनरावांना वाटलं, आता गोदाबाई शिव्याशाप देईल. तिनं खुशालरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. उरलेलं नदीवर न्यायला मागून घेतलं आणि गोवर्धनांना म्हणाली, "डाक्तरसाब, असा आजारी पुन्हा आला न् घरचे नाई म्हनाले, तर मले बलवा. मी समजावतो त्याईले."

गोवर्धनांनी हात जोडले. खुशालराव ते बघत होते. अजूनही त्यांच्याच्यानं ते बघवत नव्हतं.