मिठाच्या पोत्यांचं पान

"पलंगाखाली नाही, माळ्यावर नाही, पिठाच्या डब्यामागेही नाही," रविराजने जाहीर केलं आणि लागोपाठ तीनदा शिंकला.

तेजश्रीने वहीतली शेवटची जागाही खोडली. दोघं भावंडं येवल्याहून नाशिकला काकांकडे आली होती ती फराळ आणि फटाके या दोनच कामांसाठी. पण आल्या दिवशीच पुस्तक हरवल्याचं कळलं.

साधंसुधं पुस्तक नव्हतं ते. काकांचा सात वर्षांचा मुलगा धवल शाळेत बोलताना अडखळायचा. मुलं नक्कल करायची. एक दिवस त्याने बोलणंच बंद केलं. तेव्हापासून सरोजिनीकाकू त्याला घरीच शिकवायची. त्याची पाच वर्षांची बहीण सृष्टीही न सांगता त्याच वर्गात येऊन बसली. काकूने स्वतः चित्रं काढून देवगिरीच्या यादवांचं तीस पानी पुस्तक शिवलं होतं. तिचा नियम एकच: मागचं पान सांगितल्याशिवाय पुढचं उलटायचं नाही. त्या पुस्तकापुढे मात्र धवल बोलायचा. अडखळत, पण बोलायचा.

पाडव्याला पेठहून आप्पा येणार होते. आप्पा म्हणजे मुलांचे आजोबा, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्यापुढे धवल बोलला तर घरची शाळा चालू, नाहीतर सुट्टीनंतर पुन्हा त्याच जुन्या वर्गात. पाडवा परवावर आला होता आणि पुस्तक गेल्यापासून धवलने तोंड उघडलं नव्हतं. काकू करंज्या तळत होती, पण झारा हातात धरून भिंतीकडे बघायची आणि करंज्या करपायच्या.

मुलांनीच कुठेतरी टाकलं असणार, असं शामसुंदरकाका तीनदा म्हणाले. कोणी विचारलं नसताना. तेजश्रीला तेच खटकलं.

संध्याकाळी रडणाऱ्या सृष्टीला घेऊन दोघं द्वारका चौकापर्यंत गेली. तिथल्या गाडीवर संतोष नावाचा फुटाणेवाला होता. त्याने दिलेली शेंगदाण्यांची पुडी सृष्टीने उलगडली आणि सगळे दाणे रस्त्यावर सांडले.

"हा आमचा हत्ती आहे," ती म्हणाली. "बघ, पाच पाय."

काकूच्या हत्तीला खरंच पाच पाय होते. एक चुकून जास्तीचा निघाला होता आणि धवलने तो खोडू दिला नव्हता.

संतोष बिचारा खूश होता. असा जाड कागद रोज कुठे मिळतो, म्हणाला. त्याने गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे बोट दाखवलं. रद्दीवाल्याला गठ्ठा आठवत होता, आणणारेही आठवत होते: चष्मा, निळी स्कूटर, फार घाईत. तेजश्रीने रविराजकडे पाहिलं. निळी स्कूटर त्यांच्या ओळखीची होती.

हत्तीचं धरून गाडीवर नऊ पानं शिल्लक होती. बाकीच्यांच्या पुड्या होऊन गेल्या होत्या. रविराजने कोपऱ्यावरच्या कचऱ्यातही शोधलं. तिथे एक गाय शांतपणे सोळावं पान चघळत होती. त्याने ओढून पाहिलं. गायीने सोडलं नाही.

घरी आल्यावर तेजश्रीने काकांपुढे चहा ठेवला आणि शेजारी हत्तीच्या पानावर शेंगदाणे. काका वर्तमानपत्र वाचता वाचता खात राहिले. दाणे संपले तेव्हा पाचवा पाय दिसला.

"हे कुठून आणलंत?"

"तुम्ही दिलंत तिथूनच, काका," तेजश्री म्हणाली.

काकांची मान खाली गेली. साफसफाईत रद्दीचा गठ्ठा त्यांनीच बांधला होता. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं, त्यांना रद्दीच वाटली. नंतर शंका आली, पण बोलायचा धीर झाला नाही.

"उघडून नाही पाहिलंत?" काकूने एवढंच विचारलं. मग ती पानांवर पीठ भुरभुरवून तेल टिपत बसली. तेल निघालं नाही. शाबासकी द्यायचं कोणाला सुचलं नाही आणि दोघांना ती नकोही होती.

पाडव्याला ओवाळणी झाली. आप्पा पाटावर बसले, पुढे नऊ तेलकट पानं. त्यांनी प्रेमाने विचारलं, मग जरा चढ्या आवाजात विचारलं. धवल पाटाच्या कडेवर नख फिरवत राहिला. काकूने पदर तोंडाला लावला. तेजश्रीला वाटलं, एवढं शोधून शेवटी काय केलं आपण? गायीच्या तोंडचं पानही सोडवता आलं नाही.

आप्पांनी सुस्कारा सोडून सातवं पान उचललं. त्याच्याखाली एकदम तेविसावं होतं. ते उचलणार तोच धवलचा तळहात पानावर येऊन बसला.

"आ... आठवं राहिलं."

आप्पांनी हातातलं पान खाली ठेवलं.

"शत्रूने वेढा घातला. यादवांनी घाईघाईने किल्ल्यावर पोती नेली. धान्य समजून. असं सां... सांगतात. कोणी उघडून पाहिलं नाही."

काकांनी चष्मा काढला.

"आत मीठ होतं," धवल म्हणाला.

मग नववं, मग दहावं. मधली नसलेली पंधरा पानं त्याने एकेक करून सांगितली, गायीने खाल्लेलं सोळावं सांगताना सृष्टीने त्याची चूक दुरुस्त केली. ताटातली पुरणपोळी गार झाली. आप्पांनी तेजश्री आणि रविराजची पाठ थोपटली, म्हणाले, तुम्ही नऊ आणलीत म्हणून मला बाकीची दिसली. घरची शाळा त्यांनी जूनपर्यंतच मान्य केली. पुढचं तेव्हा पाहू.

पुस्तक काही परत आलं नाही. दुपारी काका जाड कागदांची गुंडाळी घेऊन आले आणि मुकाट्याने धवलशेजारी बसले.

"तेविसाव्यात काय आहे रे?"

धवलने पुन्हा पानावर हात ठेवला.

"आधी आठवं तू सांग, बाबा."