नकाशातली चाळीस पावलं

"पुन्हा मोज," ताई म्हणाली.

"तिसऱ्यांदा? हे पाय आहेत की मोजपट्टी?" लंबू वैतागला, तरी जुन्या विहिरीपासून गिरणीच्या भिंतीपर्यंत गवत तुडवत गेला. सुट्टी संपत आली होती, आभाळ भरलेलं होतं आणि आज त्याच्या चेष्टेवर कुणी हसलं नाही.

सोमवारी इथे बुलडोझर फिरणार होता. आजोबांची धाकटी बहीण सहाव्या वर्षी साथीत गेली. तिला इथेच कुठेतरी पुरलं होतं, एवढंच आजोबांना आठवत होतं. नगरपालिकेतल्या नकाशेवाल्या साहेबांनी मात्र, "नकाशात दफनभूमी नाही, म्हणजे नाही," असं म्हणून त्यांना वाटेला लावलं. तेव्हापासून आजोबांचं जेवणात लक्ष नव्हतं आणि मुलांना ते बघवत नव्हतं.

"एकशे साठ!" लंबू ओरडला.

"नकाशाच्या हिशेबाने एकशे वीसच होतात," साहेबांकडून आणलेली नक्कल उलगडत धाकटा ढब्बू म्हणाला.

ताईने नक्कल उजेडात धरली. मधोमध जोड होता आणि तिथे रस्ता चक्क तुटला होता.

मूळ नकाशा बघायला तिघं नगरपालिकेत गेली, तेव्हा साहेब चहा पीत होते. "मूळ कागदांवर धूळ आहे," ते म्हणाले.

"आम्ही झटकतो," लंबू म्हणाला.

"नको. पुढच्या आठवड्यात या."

"बरं," ढब्बू अगदी साळसूदपणे म्हणाला, "मग एवढंच सांगा, गिरणी सरकली की विहीर?" आणि त्याने चाळीस पावलांचा घोळ सांगितला.

साहेबांनी कप खाली ठेवला आणि कपाट उघडलं. मूळ नकाशाच्या शेजारशेजारच्या दोन्ही कागदांच्या कडेला जमिनीची एकच पट्टी दोनदा काढलेली होती. नक्कल जोडताना ती एकाच बाजूची कापायची असते. इथे दोन्हीकडची कापली गेली होती. त्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मुलांची दफनभूमी'.

"ही नक्कल मीच जोडली," साहेब हळूच म्हणाले. "तीस वर्षांत एकदाही तिथे चालत गेलो नाही. शाब्बास, पोरांनो." काम थांबवण्याचं पत्र त्यांनी तिथेच लिहिलं.

संध्याकाळी मुलांनी आजोबांना नेलं. गवत बाजूला केल्यावर सतरा बुटके दगड निघाले. एकावरही नाव नव्हतं.

"यातला तिचा कुठला, ते नाही कळणार," ताई म्हणाली. तिला रडू आवरेना.

"जे मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत," आजोबा म्हणाले. मग गुडघे टेकून ते पहिल्या दगडावरून हात फिरवू लागले. "सगळ्यांनाच कुरवाळतो. त्यात तीही येईलच."