डब्बागाडी आणि टोचनचा दोर

"पियुष, काच पुसतोयस की काचेला गोंजारतोयस? जोर लाव ना!"

मयुरी बादली घेऊन शेडमधल्या गाडीभोवती तिसऱ्यांदा धावली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आर्वीला मामाजींकडे आल्यापासून एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. आज तर विचारूच नका! चार वाजता अमरावतीहून सुलोचनाबाई येणार होत्या. जुन्या मोटारी घ्यायच्या, त्या पुन्हा झकास करायच्या आणि रस्त्यावर पळवायच्या, हा त्यांचा छंद. मामाजींनी पेपरात दिलेली जाहिरात वाचून त्या डब्बागाडी बघायला येत होत्या.

डब्बागाडी म्हणजे १९५७ सालची स्टेशन वॅगन. पुढून मोटार, मागून लांबच लांब डबा, खिडक्याच खिडक्या! लग्नाला निघालेलं अर्धं घर तिच्यात मावायचं. बत्तीस वर्षं नत्थूजी तिचे ड्रायव्हर होते आणि मेकॅनिकही तेच. कालच त्यांनी रूपराव नावाच्या नागपूरच्या दलालाला ती अंगणात ऐटीत फिरवून दाखवली होती.

"नत्थूजी, जरा चालू करून बघा," मामाजी, म्हणजे मधुकरराव, ओट्यावरून म्हणाले.

नत्थूजींनी चावी फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... आणि गप्प! पुन्हा तेच. नत्थूजींनी बॉनेट उघडलं, आत वाकून एक काळं टोपण काढून पाहिलं आणि खिसे चाचपले.

तेवढ्यात फाटकापाशी छोटा ट्रक थांबला. सफारी सूट घातलेले रूपराव खाली उतरले.

"इकडून चाललो होतो, म्हटलं भेटून जावं. काय, बंद पडली?" त्यांनी बॉनेटखाली उभ्याउभ्याच नजर टाकली. "इंजिन गेलं, शेठजी! ड्रायव्हरनं पार वाट लावली. आता दारं, काचा, दिवे सुटे करून विकायचे, एवढाच उपयोग. भंगार म्हणून आत्ता उचलून नेतो."

मामाजींनी उभ्या आयुष्यात बॉनेट उघडलं नव्हतं. शहानिशा करायची सोडून ते नत्थूजींवरच उखडले.

"काय करून ठेवलं तुम्ही? त्या बाईंना मी काय तोंड दाखवू?"

"मी काई नाई केलं, मालक."

"मग काय गाडी आपोआप मेली? पुरे! आता हात लावू नका तिला!"

नत्थूजींचा चेहरा उतरला. त्यांनी खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली. "दुपारच्या एस्टीनं हिंगणीले जातो मी. आता गावीच राहीन," एवढंच म्हणाले आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले.

मयुरीला रडूच फुटलं. मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये म्हणे! पण मोठेच असं वागले तर? ती धावत सुटली. मागून मामेभाऊ पियुष आणि त्याची नऊ वर्षांची बहीण प्रेरणा.

"नत्थूजी, खरं सांगा. काय झालंय गाडीला?"

"रोटर नाई, बाई." नत्थूजी खाली बघत म्हणाले. "इंजिनावर काळं टोपन असते ना, त्याच्याखाली बोटाएवढा तुकडा राह्यते. तो फिरते तवा प्लगले करंट भेटते. तोच गायब हाये."

"मग सांगा ना मामाजींना!"

"कसं सांगू? रोज रातच्याले मीच तो काढून खिशात घेऊन जातो, चोरानं गाडी नेऊ नये म्हून. साऱ्या गल्लीले मालूम हाये. सारे म्हणतीन, नत्थूनंच नेला! काल मातर लग्नाले जाची घाई होती. टोपन उघडलंच नाई मी."

"रूपरावांना हे माहीत होतं?"

"मीच सांगतलं, कौतुकानं! मंग त्यानं पानी मांगतलं. मी आनाले गेलतो."

मयुरी ताडकन उठली. "पियुष! ट्रकमध्ये काय आहे, पाहिलंस?"

"दोर. टोचनचा. बंद गाडी ओढायचा."

"काल गाडी मस्त पळत होती. मग आज बंद गाडी ओढायचा दोर घेऊन हे आलेच कसे?"

पियुषचे डोळे विस्फारले. "बापरे! चल, बाबांना सांगू!"

"थांब! रोटर त्यांच्याजवळ सापडला नाही, तर आळ नत्थूजींवरच येईल."

घरात ताट-पाटांचा आवाज होत होता. आलेला पाहुणा जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, हा अन्नपूर्णामामींचा दंडक! जेवण होताच रूपराव गाडी ओढून नेणार, तेवढाच वेळ हातात होता. मयुरी अंगणात येरझारा घालू लागली. तहान नाही, भूक नाही, पाय थांबेनात. शेडच्या पत्र्यामागे शेजारच्या गोपालदादाची ॲम्बॅसिडर टॅक्सी उभी होती. ती दिसली मात्र, मयुरी थबकली.

"गोपालदादा! मी खूण केली की तुझी गाडी चालू करशील? फक्त चालू! आणि चांगली घुमव!"

"काऊन वं? काय भानगड हाये?"

"नत्थूजींसाठी!"

"मंग काई विचारत नाई!" गोपाल हसला.

पियुष शेडच्या दारात, प्रेरणा मामींच्या हाताखाली वाढायला आणि मयुरी खिडकीत. रूपराव वरण-भात कालवून पहिला घास उचलणार, तोच मयुरीनं रुमाल हलवला.

घूंऽऽऽ घूंऽऽऽ! शेडचा पत्रा थरथरला.

"चालू झाली! डब्बागाडी चालू झाली!" पियुषनं बोंब ठोकली.

"अं? कसं शक्य आहे?" रूपरावांचा घास हातातच राहिला. डावा हात झटकन सफारीच्या खिशात गेला. रुमालाची पुरचुंडी बाहेर आली, मांडीवर उघडली आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

प्रेरणानं पोळ्यांची टोपली खाली ठेवली आणि मांडीवरची पुरचुंडी अलगद उचलून धूम ठोकली!

"ए पोरी! दे इकडे! माझ्या दुसऱ्या गाडीचं सामान आहे ते!" रूपराव खरकट्या हातानं धावले.

"मामाजी, हा रोटर आहे!" मयुरी ओरडली. "यांच्या गाडीचा असेल तर आपल्या गाडीला बसणार नाही. पण बसला तर? नत्थूजींनाच बसवू द्या!"

मामाजींनी एकदा रूपरावांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ते स्वतः कडुनिंबाखाली गेले आणि नत्थूजींना घेऊन आले.

नत्थूजींनी टोपण काढलं, रोटर बसवला, टोपण लावलं. चावी फिरवली. पहिल्या फटक्यात डब्बागाडी जागी झाली! पोरांनी अंगण डोक्यावर घेतलं. कोणी काही विचारण्याआधीच रूपराव ट्रकमध्ये चढले होते.

"थांबा! पुढच्या गावी असा प्रताप कराल, तर पोलिसांत देईन!" मामाजी कडाडले. मग ते वळले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "नत्थूजी, चुकलो मी. बत्तीस वर्षांच्या माणसाला विचारलं नाही आणि कालच्या माणसाचं ऐकलं."

नत्थूजींनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. "मालक... आधी या पोरीले जेवू घाला," ते म्हणाले. "सकाळपासून नुसती पळून राह्यली."

चार वाजता सुलोचनाबाई आल्या. त्यांनी गाडी खालीवर निरखली, इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि झाला प्रकार कळल्यावर तिन्ही पोरांच्या पाठी थोपटल्या.

"शाबास! गाडी ओळखणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही माणूस ओळखलात. मधुकरराव, गाडी मी घेतली. पण माझी एक अट आहे. नत्थूजी स्वतः ती अमरावतीला आणतील आणि माझ्या मेकॅनिकला हिच्या खोडी शिकवतील."

डब्बागाडी जाणार म्हणून प्रेरणा रडू लागली, आणि खरं सांगायचं तर मयुरीही.

"रडता काऊन? बसा मागं! गावाबाहेरच्या पुलापर्यंत फिरवून आनतो," नत्थूजी म्हणाले आणि ड्रायव्हरच्या दाराकडे निघाले.

पण मामाजी त्यांच्या आधी तिथे पोचले होते. इतकी वर्षं मामाजी यायचे आणि नत्थूजी दार उघडायचे. आज मामाजींनी दार उघडलं आणि नत्थूजी आत बसेपर्यंत ते धरून उभे राहिले.